हदगावच्या बाईंनी वाटलेले मार्क

हदगावच्या बाई पोरींना इतिहासाचे मार्क वाटतात, अशी कुजबुज आमच्या गावात होती. कुजबुज म्हणजे आमच्याकडं कशी, तर सिद्रामप्पाच्या दुकानापुढच्या बाकावर एकानं दुसऱ्याच्या कानाला लागून सांगायचं आणि ते मारुतीच्या पारावर बसलेल्यानं स्पष्ट ऐकायचं. कुणी म्हणे, नारळ नेऊन दिला की बाई पाच मार्क देतात. कुणी म्हणे, नारळ कुठला या दुष्काळात, पाणी भरून दिलं की देतात. घागरीला दोन आणि हंड्याला चार. सगळ्यात रंगतदार बातमी अशी होती की, बाईंना नवऱ्यानं टाकलंय, म्हणून त्यांचा तमाम पुरुष जातीवर राग आहे, आणि तो राग त्या चौथीतल्या पोरांवर काढतात. ही बातमी मला फार आवडायची. तिच्यात सगळं होतं.

बाईंचं नाव गुणाबाई. हदगावकडच्या, म्हणजे नांदेडच्याही पार वरच्या अंगाच्या, कापसाच्या मुलखातल्या. आमचं गाव उदगीरच्या पलीकडं, जिथं अर्धी लेकरं आईला अव्वा म्हणतात. त्यांचं बोलणं आम्हाला निराळं वाटायचं आणि आमचं त्यांना. नवरा मुदखेडला रेल्वेत होता, त्यानं दुसरी केली. बाईंनी रडबोंबल केली नाही, ट्रेनिंग केलं, मास्तरीण झाल्या आणि बदल्या होत होत आमच्या शाळेत येऊन पडल्या. राहायला आमच्याच घराची पुढची खोली. त्यामुळं बाईंच्या बातम्या आधी माझ्याकडं असाव्यात अशी बाकावरच्या मंडळींची रास्त अपेक्षा होती. पण बाई बोलायच्या ते माझ्या बायकोशी, नीलम्माशी. आणि नीलम्मा म्हणजे बंद पेटी.

बाई उंच, झपझप चालणाऱ्या, हातात काळी छत्री. बहात्तर साली आमच्या भागात छत्री घेऊन फिरणं म्हणजे गावाची चेष्टाच होती. सिद्रामप्पा दुकानातून ओरडायचा, "बाई, तुमची छत्री बघून ढग पळून जाऊन राहिलेत!"

"तुमचं माप बघून गिऱ्हाईक पळतं, तसंच की आप्पा," बाई न थांबता म्हणायच्या.

सिद्रामप्पा स्वतःही हसायचा. माणूस वाईट नव्हता. दुकान, थोडी शेती, कपाळाला भस्माचे पट्टे आणि शब्दाला पक्का. त्याला दोन लेकरं. थोरला पंचाक्षरी, धाकटी जगदेवी. पंचाक्षरी एकदा चौथीत आपटलेला, त्यामुळं बहीण-भाऊ एकाच वर्गात बसायचे. पुढं जे झालं ते सगळं या एका गोष्टीतून झालं.

त्या साली शाळा म्हणजे नुसतं छप्पर. मोठी माणसं सरकारी कामावर खडी फोडायला. पोरं शाळेत यायची, कारण तिथं सुकडी, म्हणजे दुष्काळातला सरकारी खाऊ, मिळायची. पोरी मात्र दिसेनात. गावच्या विहिरीला तळाशी बोटाएवढा झरा उरला होता. वाटीनं ओंजळ ओंजळ गोळा करून घागर भरायची. म्हणून रांग. घागरी ओळीनं मांडलेल्या आणि शेजारी पोरी बसलेल्या. घरातल्या बायका कामावर, पोरं शाळेत, मग पाण्याला पोरीच.

हेडमास्तर शेषेराव बाईंना म्हणाले, "बाई, तुम्ही कशाला रांगेत उभ्या राहता? एखादं पोरगं पाठवतो की."

बाई म्हणाल्या, "पोरगं इथं शिकू दे. माझ्या पोरी तिथं बसल्यात."

आणि आपली घागर घेऊन बाई रांगेत जाऊन बसल्या. पुस्तक नाही, फळा नाही. गणित तोंडी शिकवून होत नाही, पण इतिहास होतो. चौथीला शिवाजी महाराज. बाई सांगायच्या आणि पोरी ऐकायच्या. मग पोरींनी आपणच एक कायदा काढला: आदल्या दिवशी ऐकलेलं एकीनं सांगायचं, ती थांबली की दुसरीनं पुढं, आणि जिला सांगता आलं नाही तिची घागर एक जागा मागं. बाईंनी हा कायदा मोडायला सांगितला तरी पोरींनी मोडला नाही. पाण्याच्या रांगेत एक जागा मागं जाणं काय असतं, हे ज्यांनी ते साल काढलं त्यांनाच ठाऊक. अफजलखानाच्या उंचीपासून पन्हाळ्याच्या वेढ्यापर्यंत पोरींना सगळं पाठ झालं. कामावरून परतलेल्या बायकासुद्धा "थांब गं, खान मेला का न्हाई ते ऐकू दे" म्हणत उभ्या राहायच्या.

या सगळ्यांत जगदेवी तिखट. ती नुसतं पाठ करायची नाही, उलट प्रश्न विचारायची.

"बाई, पेटाऱ्यात बसून महाराज निसटले. त्या पेटाऱ्यात पाणी ठेवलं होतं का?"

"नसंल ठेवलं."

"मग तहान लागली असंल की."

"लागली असंल."

"मग ते पुस्तकात कामून न्हाई?"

"तहान लिहायची राहून गेली गं," बाई म्हणाल्या आणि सगळी रांग हसली.

एकदा पुरंदरचा तह चालला होता. तेवीस किल्ले देऊन टाकले म्हटल्यावर जगदेवी घागर सोडून उभीच राहिली. "तेवीस? मी असते तर एकबी दिला नसता."

"राज्य राखायचं असलं की कधी कधी किल्ले सोडावे लागतात," बाई म्हणाल्या.

"आन समोरच्यानं तरीबी ऐकलं न्हाई, तर?"

तेवढ्यात बाईंचा नंबर आला, आणि उत्तर तसंच राहिलं. हे नीलम्मानं मला सांगितलेलं. ती बाईंच्या मागंच बसली होती.

आमच्या शाळेची एक रीत होती. निकाल गावासमोर, झेंड्याखाली वाचायचा. आणि शेषेराव मास्तर तो विषयवार वाचायचे, आधी मुलं, मग मुली. कुस्तीच्या फडात जोड्या पुकाराव्यात तसा त्यांचा आवाज लागायचा. गावाला बाकी करमणूक नव्हती. दुष्काळामुळं त्या साली सहामाही परीक्षा लांबली आणि निकाल सव्वीस जानेवारीला वाचला गेला. गणितात मुलं पुढं. "हां!" म्हणून गावानं मान हलवली. भाषेत बरोबरी. मग इतिहास. मुलं वाचून झाली, मुली सुरू झाल्या, आणि शेषेराव मास्तरांचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. एकूण एक मुलगी मुलांच्या वर. पंचाक्षरीला पन्नासात सतरा आणि जगदेवीला चव्वेचाळीस.

बाकावर महिनाभर दुसरा विषय नव्हता. एकाचं म्हणणं, बाप्याचा मेंदू हिशेबाचा. दुसऱ्याचं, इतिहास म्हणजे होऊन गेलेल्या गोष्टी, आणि होऊन गेलेल्या गोष्टी उकरून काढण्यात बायकांचा हात कोण धरणार. तिसरा म्हणे, माझ्या लग्नात मानपानाला काय कमी पडलं होतं ते माझी बायको अजून तारखेसकट सांगते. हसून हसून पोट दुखायचं. विहिरीवर रोज काय चालतं ते बायकांना माहीत होतं, पण त्यांना कुणी विचारलं नाही. मग कुणीतरी हळूच म्हणालं की, हे मार्क पडलेले नाहीत, वाटलेले आहेत. झालं.

सिद्रामप्पाच्याच दुकानापुढं बसून लोक सिद्रामप्पालाच टोचायचे. "आप्पा, गल्ल्यावर जगीला बसवा आन पंच्याला द्या घागर!" पहिल्यांदा तो हसला. दुसऱ्यांदा हसला. तिसऱ्यांदा त्यानं बाक आत उचलून नेला.

एका सकाळी तो आमच्या ओट्यावर आला. बाई शाळेला निघाल्या होत्या. मी आत ज्वारी निवडत असल्याचं सोंग करून बसलो.

"बाई, पंच्या जेवून न्हाई राहिला."

"आजारी हाय का?"

"आजारी असता तर काढा दिला असता. पोरं त्याला 'जगीचा पंच्या' म्हणून राहिलीत. आमच्यात पोरगी भावाच्या नावानं वळखतात. इथं उलटंच."

"मग पंचाक्षरीला पाठवा की विहिरीवर. पोरी तिथंच शिकल्यात."

"पोराला पाण्याला? लोक काय म्हणतील?"

"शिकला म्हणतील."

सिद्रामप्पा ओट्यावर टेकला. मग म्हणाला, "बाई, मला पोरगी जड न्हाई. तिला पुढं शिकायचंय, तुमच्यावाणी बाई व्हायचंय, मला म्हाईत हाय. गावात पाचवी न्हाई तर उदगीरला बहीण हाय माझी, तिच्याकडं ठेवीन. पण वार्षिकाला पुन्हा माझ्या पोराची चारचौघांत अशी बेइज्जती झाली, तर जगी घरात. चुलीपुढं." आणि त्यानं गळ्यातल्या लिंगाला हात लावला.

तो हात लावलेला मी फटीतून पाहिला. सिद्रामप्पानं लिंगाला हात लावून सांगितलेलं कधी फिरवलं नव्हतं.

त्या दिवसापासून बाई संध्याकाळी पंचाक्षरीला आमच्या ओट्यावर घेऊन बसायच्या. पोरगं मठ्ठ नव्हतं, भित्रं होतं. गोष्ट ऐकायचं, हसायचं, आणि प्रश्न विचारला की दाराकडं बघायचं. जगदेवी शेजारी बसून त्याला ओठांच्या हालचालीनं उत्तर सांगायची. बाई तिला आत हाकलायच्या, "जा, नीलम्माकडं बस." ती आत यायची आणि तिथूनही ओठ हलवायची. भावानं पास व्हावं याची तिलाच जास्त घाई. भाऊ तरला तर आपलं उदगीर, हे दहा-अकरा वर्षांच्या पोरीला पक्कं कळलं होतं.

वार्षिक परीक्षा झाली. पेपर बाईंनीच तपासले. एक मेला झेंड्याखाली गाव लोटलं. मागच्या वेळी खडीच्या कामावर अडकलेलेही या वेळी आले होते. गणित, भाषा, सगळं भरभर झालं. लोकांना इतिहास हवा होता. मुलं. पंचाक्षरीला एकतीस. सिद्रामप्पानं हळूच श्वास सोडला. मुली. पुन्हा सगळ्या मुलांच्या वर, एकीला सदतीस, एकीला चाळीस. शेवटी जगदेवी: एकोणतीस.

भावापेक्षा दोन कमी. सिद्रामप्पानं तिथंच गूळ-शेंगदाणे वाटले, त्या टंचाईत. पोराला खांद्यावर घेण्याचं त्याचं वय राहिलं नव्हतं, तरी घेतलं. बाई लांब कडुनिंबाखाली उभ्या होत्या. मला वाटलं, बाई खूश असतील. शब्द राहिला, पोरगी उदगीरला जाणार.

पण आमच्या गावाला कुठलीही गोष्ट ठेवल्या जागी ठेवता येत नाही. बाक पुन्हा बाहेर आला होता आणि त्यावर मंडळी बसली होती. एकजण शेंगदाणे चघळत म्हणाला, "बघा, म्हणलं नव्हतं? आप्पा भांडून आला, बाईनं जगीचं वाटप बंद केलं, आन पोरगी आपटली की न्हाई? बाकीच्यांचं चालू हाय, म्हणून त्या वर."

इतकं बिनतोड होतं की कुणालाच उलटं बोलता येईना. सिद्रामप्पा तागडी हातात धरून ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी बाई दुकानात गेल्या. मीही काडेपेटी घ्यायला गेलो. घरात काडेपेट्या होत्या.

"आप्पा, जगदेवीचं उदगीरचं कधी करताय?"

"कशाला बाई? एकोणतीसवाली पोरगी तिथं काय उजेड पाडणार?"

"तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता. पोरगी हुशार हाय म्हणून दिला होता. ते चव्वेचाळीस तुमची मेहरबानी होती, हे मला आता कळलं. मी भांडलो नसतो तर आजबी फसलेलाच राहिलो असतो."

"ती हुशारच हाय आप्पा. साऱ्या वर्गात हुशार."

"मग एकोणतीस कुणी दिले?" सिद्रामप्पानं शांतपणे विचारलं. "तुम्हीच की."

बाईंनी तोंड उघडलं. मी कान टवकारले. पण बाई छत्री काउंटरवरच विसरून परत फिरल्या. छत्री मी आणून दिली. थँक्यूसुद्धा म्हणाल्या नाहीत.

मग कुणीतरी वर अर्ज केला आणि आठवड्याभरात विस्तार अधिकारी जीपमधून आले. शेषेराव मास्तरांनी मुलांची सरासरी एकीकडं, मुलींची एकीकडं अशी पाटीवर मांडून ठेवली होती. साहेब म्हणाले, "पाटी राहू द्या. पोरींना बोलवा. तोंडी विचारतो." खिडकीला अख्खं गाव लोंबकळलेलं. पोरींनी साहेबांना पळता भुई थोडी केली. एकीनं तर त्यांचीच चूक काढली. साहेब हसले, म्हणाले, "हे मार्क वाटलेले नाहीत." मग त्यांनी कागद पाहिला आणि जगदेवीला पुढं बोलावलं.

"पुरंदरच्या तहात किती किल्ले दिले?"

जगदेवी खाली बघत उभी.

"सांग बेटा. सोपं आहे."

"मला येत न्हाई, सायेब."

"बरं, आग्र्याहून महाराज कसे निसटले?"

"मला न्हाई येत."

खिडकीतून कुणीतरी "ऐकलं?" म्हणालं. दाराशी सिद्रामप्पा उभा होता. त्यानं मान फिरवली. बाई भिंतीला टेकल्या.

तिला सगळं येत होतं. पण निकालानंतर विहिरीवर ती बाईंना म्हणाली होती, "बाई, माझं काय चुकलं? मी तर समदं लिहिलं होतं." आणि बाई अर्धीच घागर उचलून निघून गेल्या होत्या. मग पोरीनं एवढंच धरलं की, आपल्याला जे येतं असं वाटतं ते चूक असतं. साहेबांपुढं चूक बोलण्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं.

अहवालात बाईंवर ठपका आला नाही. बदली आली. गाडीवर सामान चढवताना जगदेवी भेटायला आली नाही. तिला घरात दळण होतं. बाई आधी तुळजापूरकडं गेल्या, मग कुणाशी तरी अदलाबदली करून आपल्या हदगावकडं. एकट्याच राहिल्या. गावोगाव जिथं जिथं होत्या तिथं म्हणे पेपर तपासायचं काम दुसऱ्या मास्तराला द्यायच्या आणि त्याच्या वाट्याचं झाडलोटीचं, सुकडी वाटण्याचं काम आपण घ्यायच्या. लोक म्हणायचे, बाईंना मोजायचा कंटाळा. त्यांना भेटायला दोनदा नीलम्मा गेली, मी नाही गेलो. तिनं मला नेलं नाही.

जगदेवीचं लग्न तीन वर्षांनी झालं. लातूरला, डाळ मिलवाल्यांच्या घरी. पंचाक्षरी उदगीरहून सातवीत शाळा सोडून आला, दुकानात बसला आणि चांगला बसला. बहिणीला न चुकता पंचमीला आणायला जायचा.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. आजवर आम्हाला कलेक्टर कचेरीला उस्मानाबाद गाठायचं म्हणजे दोन दिवस मोडायचे. आता सकाळी एसटीत बसलं की दुपारी साहेबापुढं उभं. मंडळी खुशीत होती. कमानी, पताका, गुलाल बघायला मीही लातूरला गेलो आणि जगदेवीकडं चहाला डोकावलो. पोरगी अंगानं भरली होती, बोलण्यात मात्र कमी झाली होती. कडेला तिची लेक, शाळेत घालायच्या वयाची, मला विचारत होती, "आजोबा, जिल्हा म्हणजे काय? तो काल कुठं होता?"

"अगं, ही तर तुझ्यावर गेली!" मी म्हणालो. "हिला शिकव जगी. लई हुशार निघणार."

जगदेवी घाईनं म्हणाली, "शिकवणार हाय काका. पण ती हुशार हाय असं तिला सांगू नका."

"का गं?"

"मागून लई लागतं. मलाबी बाई लई हुशार म्हणायच्या. समदं खोटं होतं ते. माझ्यात तेवढं नव्हतंच." आणि ती चहा ओतायला वळली.

गावी आलो. नीलम्मा अंगणात तूर पाखडत होती. नेहमीप्रमाणं सगळी बातमी मी मीठ लावून सांगायला सुरुवात केली, कमानीपासून. जगदेवीचं बोलणं सांगितलं तेव्हा सूप तिच्या हातात तसंच राहिलं. मग तिनं सूप खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. पदराआडूनच म्हणाली, "बाई गेल्या हो. उन्हाळ्यातच गेल्या. कावीळ झाली होती. मला चिठ्ठी आली, तुम्हाला सांगितलं न्हाई."

"का?"

"सांगितलं असतं तर तुम्ही बाकावर जाऊन बसला असता."

हे काही खोटं नव्हतं. मग ती म्हणाली, "गाव सोडून जाताना त्यांनी मला एक सांगितलं होतं. नोकरीत असंपर्यंत कुणाला बोलू नको म्हणल्या. आता कोण त्यांची नोकरी घेतंय? तुम्ही सांगा गावाला. पण आधी लातूरला जा आन जगीला सांगा."

नऊ वर्षं माझ्याच घरात, माझ्याच चुलीपाशी ही गोष्ट होती. मी दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं लातूरला गेलो आणि जगदेवीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

बाईंनी कुठल्याच पोरीला मार्क वाटले नव्हते. सहामाहीचे सगळे मार्क पोरींचे स्वतःचे होते. वार्षिक परीक्षेत जगदेवीला इतिहासात पन्नासपैकी शेहेचाळीस पडले होते. तिचं पाचवीला जाणं थांबू नये म्हणून बाईंनी तिच्या बरोबर उत्तरांवर तांबड्या फुल्या मारल्या आणि शेहेचाळीसाचे एकोणतीस केले.